न उघडणारी काच

"जन्मभर भट्टीसमोर उभे राहिलात आणि आता पैसे देऊन घाम गाळणार?" बायको म्हणाली.

बोटीवरच्या स्पाच्या काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. बेकरीवाले हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "पास नसलेलं कुणी आत येतं का?"

"नाही, काका. हा पट्टा लावल्याशिवाय थर्मल सूटचं दारच उघडत नाही."

"मग द्या. सफर संपेपर्यंतचा."

"दोघांचा?"

"मला नको बाई," बायको म्हणाली. "माझं ब्लडप्रेशर. मला उष्णता सोसत नाही."

पट्टा मनगटात अडकवायला बेकरीवाल्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. बायकोने ते पाहिलं आणि त्यांचा दंड घट्ट धरला. दोन दिवसांपासून ती त्यांचा दंड सोडतच नव्हती.

दोन दिवसांपूर्वीची ती गोष्ट एव्हाना बोटभर झाली होती. संध्याकाळी वरच्या डेकवर दोघंच होती. बोट हलली, बेकरीवाल्यांचा तोल गेला, अर्धं अंग कठड्याबाहेर गेलं आणि बायकोने मागून सदरा धरून त्यांना आत खेचलं. तीच सगळ्यांना सांगायची. जेवणाच्या हॉलमध्ये अनोळखी माणसंही येऊन तिचं कौतुक करायची. बेकरीवाले ताटात बघत राहायचे.

थर्मल सूट म्हणजे एक लांबट, मंद उजेडाचा हॉल. गरम दगडी आसनं, पलीकडे वाफेची खोली, मधे छोटंसं कारंजं. समुद्राच्या बाजूची भिंत अख्खी काचेची होती. बेकरीवाल्यांनी पहिल्यांदा तीच तपासली. कडेने बोट फिरवलं, तळवा लावून दाबून पाहिली. मग काचेपासून सर्वांत लांबचं आसन पकडलं.

सकाळी दार उघडलं की ते आत आणि बंद व्हायच्या वेळेला सगळ्यांच्या शेवटी बाहेर. संध्याकाळ जवळ आली की ते सारखं घड्याळ बघायचे. केबिनला बाल्कनी होती. बायकोने हौसेने तीच केबिन घेतली होती. बेकरी विकल्यापासून हे घरात नुसते बसून असतात, समुद्र बघून मन रमेल म्हणून. बेकरीवाल्यांनी बाल्कनीच्या दाराला टेबल लावून ठेवलं होतं. तिने ते सरकवलं.

"अहो, हवा नको का यायला? चला, जरा बाहेर उभे राहू. मी धरते ना तुम्हाला."

बेकरीवाले पांघरूण डोक्यावर घेऊन भिंतीकडे वळले. रात्रभर त्यांना झोप आली नाही.

शेवटच्या दिवशी शेजारच्या आसनावर एक निवृत्त नर्सबाई आल्या. बोलक्या होत्या.

"वसूल होतात का हो पैसे इथले? माझी नुसती पाठ शेकून निघतेय. उलटवायला कुणी येईल म्हणून वाट बघतेय. तुम्ही पाववाले, तुम्हाला ठाऊक."

"माझे वसूल झाले," बेकरीवाले म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

नर्सबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "त्या संध्याकाळी मी खालच्याच डेकवर होते. बोट एवढी हलली? माझ्या तर कपातला चहाही हिंदकळला नाही."

बेकरीवाल्यांच्या अंगावर त्या उष्णतेतही काटा आला.

"उद्या उतरायचंच आहे म्हणा," नर्सबाई उठत म्हणाल्या. "मला सामान भरायचंय. अहो, तुमच्या मिसेस जिन्यात भेटल्या सकाळी. रडत होत्या. मी माझ्या केबिनमध्ये नेऊन त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं, अगदी छान आहे. थोडा वेळ बसायला हरकत नाही. त्यांनी आजचा पास काढलाय. येतीलच."

"थांबा!" बेकरीवाले एकदम म्हणाले. "तुम्ही जाऊ नका."

पण त्या हसल्या, खांद्यावर थोपटून निघून गेल्या. हॉलमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. बेकरीवाल्यांना वाफेच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं. ते अर्धवट उठले. तेवढ्यात दार टिंग वाजलं.

पांढरा झगा घालून बायको आत आली. मागे सरकता सरकता बेकरीवाल्यांची पाठ काचेला टेकली.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले नाहीत. तीच आसनाच्या कडेला बसली.

"सगळी बोट म्हणते, नवऱ्याला वाचवलंस. आणि नवरा माझ्याकडे बघतही नाही. मी हात लावला की दचकतो." तिचा आवाज चिरकला. "खरं सांगा. मीच ढकललं असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग माझ्यापासून लपून इथे का बसता?"

"तुझ्यापासून नाही. तुझी नुसती लाज वाटते." त्यांनी मागच्या काचेवर तळवा ठेवला. "अख्ख्या बोटीत ही एकच काच आहे जी उघडत नाही. इथे कठडा नाही. बाल्कनी नाही."

"अहो, एकदा बोट हलली म्हणून एवढं घाबरायचं?"

बेकरीवाले तिच्यासमोर खाली बसले. किती दिवसांनी त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"बोट हललीच नव्हती."