मुसाफिरचे प्रश्न

मुसाफिर या टोपणनावाने लिहिणाऱ्याने आज तिच्या टूलच्या चर्चापानावर पुन्हा प्रश्न टाकला होता. वाचूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रश्न साधाच होता. उभारलेला सर्व्हर पाडून टाकण्याआधी तुमचं टूल दोनदा का विचारतं, एकदा विचारून भागत नाही का? उत्तर माहितीपुस्तिकेत होतं. ते तिनेच लिहिलं होतं, बाकीच्या सगळ्यासारखं.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या यंत्रणेत, किती सर्व्हर हवेत, कोणता कशाला जोडायचा, हे कोडमध्ये लिहून द्यायचं आणि उभारणी टूलवर सोडायची. टूल सगळ्यांना फुकट, त्याचा कोडही सगळ्यांना खुला. मोठमोठ्या कंपन्या त्याच्यावर चालत होत्या. काही बिघडलं की त्यांचे इंजिनिअर तिच्या खनपटीला बसत, आणि सुरळीत झालं की ओळखही दाखवत नसत.

नोकरी सोडून ती या टूलच्या मागे लागली, तेव्हा बाबा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले होते, "एवढी शिकली, आणि जगाची फुकट हमाली करतेय." काका हसले. आत्याही हसली. त्यानंतर ती घरी गेली नाही आणि बाबांचा फोन तिने एकदाही उचलला नाही. हमाली तर हमाली. पण तू नेमकं करतेस काय, हे बाबांनी एकदा तरी विचारायला हवं होतं. ते तिला अजून डाचत होतं.

गेल्या महिन्यात एका कंपनीने अख्खं टूल उचललं, नाव बदललं आणि स्वतःचं म्हणून बाजारात मांडलं. टूलच्या खुल्या परवान्यात ते बसत होतं, त्यामुळे तिला काही करता येईना. तेव्हापासून फुकट्यांवर तिचा दात होता, आणि मुसाफिरवर सगळ्यात जास्त.

कारण हा माणूस खरं काम काहीच करत नव्हता. एक एवढासा सर्व्हर उभारायचा, पाडायचा, पुन्हा उभारायचा. आणि प्रश्न तरी कसले, तर हे असंच का लिहिलंत, हा भाग तुम्हाला सुचला कसा. ज्याचं काम अडलंय तो असलं कशाला विचारेल? हा आतलं सगळं शिकून घेत होता, कुणासाठी तरी. वर तिने कितीही खवचट उत्तर दिलं तरी न चुकता आभार मानायचा. एकदा पुस्तिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढून पाठवल्या होत्या. बाकी मदतीच्या नावाने शून्य.

आज तिने सरळच विचारलं, कोणत्या कंपनीचे तुम्ही? उत्तर लगेच आलं. कंपनी वगैरे नाही, आपलं काम समजून घ्यायचंय, इतकंच.

इतकंच म्हणे. तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "माझ्या डोक्यावर दुसऱ्यांची दुकानं चालवायला मी इथे बसलेली नाही. फुकट हमाल दुसरीकडे शोधा." आणि मुसाफिरला कायमचं ब्लॉक केलं. आता त्याला तिथे एक अक्षर लिहिता येणार नव्हतं. बघता बघता शंभरेक जणांनी तिची पाठ थोपटली. बरं केलंस, असल्यांना असंच हवं. किती दिवसांनी तिला मोकळं वाटलं, आणि ती पोटभर जेवली.

दुपारी नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. गुडघा, शेजारीण, गळका नळ, सगळं सांगून झालं. बाबांचं नाव काढलं की लेक फोन ठेवते, हे आईला माहीत होतं. आज तरीही ती चाचरत बोलली, "रागावू नकोस. पण ह्यांचं काहीतरी बिघडलंय. जेवले नाहीत, कॉम्प्युटरसमोर नुसते बसून आहेत."

दुरुस्तीवाल्याला बोलाव, असं ती कोरडेपणाने म्हणाली.

"कॉम्प्युटर धड आहे गं. मी म्हटलं, मनात लेकीचं काही असेल तर तिला फोन करा, एकदाचं बोलून टाका. तर म्हणतात कसे, रोज बोलत होतो की तिच्याशी, आजच तिने हाकलून दिलं."