लाल झाकणाची बरणी

"लाल झाकणाची बरणी तुमच्यासाठी नाही," अरुणा म्हणाली. "पिवळ्या झाकणात किनू संत्र्याचं मार्मलेड आहे, ते खा हवं तेवढं. पपनसाचा कणही तोंडात जाता कामा नये. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?"

विश्वासरावांनी चांगलंच ऐकलं होतं. हृदयाच्या नव्या गोळ्या चालू असताना पपनस खाल्लं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

पण दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमागे पपनसाचं झाड होतं आणि दर जानेवारीत अरुणा त्याचं मार्मलेड करायचीच. साल बारीक चिरायची, बिया फडक्यात बांधून पातेल्यात सोडायच्या, थेंबभर पाक ताटलीवर टाकून बघायचा. शेजारणी डिसेंबरपासूनच रिकाम्या बरण्या आणून ठेवायच्या. त्यांना नाही कसं म्हणायचं, असं म्हणत तिने यंदाही घाट घातला होता.

यंदाचा शेवटचाच. एकतीस जानेवारीला विश्वासराव रिटायर होणार, मग क्वार्टर सोडायचं.

आणि मुलगा परीक्षित? एकतीस वर्षांचा घोडा, भरदुपारी आत रजई ओढून पडला होता. सहा वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा दिल्या, सहाही वेळा आपटला. आता वयाची अटही उलटून गेली होती.

"याचं काय होणार हो?" सुरी चालवता चालवता अरुणा म्हणाली. "परवा मला म्हणतो, आई, मी नसतोच तर बरं झालं असतं. तेव्हापासून रात्री उठून उठून त्याच्या खोलीत बघून येते."

"होईल गं काहीतरी. बिल्कुल होईल."

"भालचंद्रांच्या अक्षयाचं झालंच की," ती म्हणाली आणि तिची सुरी थांबली.

भालचंद्र विश्वासरावांच्याच सेक्शनमधले. तीन वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच गेले, आणि अनुकंपा म्हणून त्यांच्या मुलीला तिथेच क्लार्क घेतलं. त्यात वयाचंही फारसं बघत नाहीत. पण रिटायर होऊन गेलेल्याच्या मुलाला कोण विचारतो? बाप एकतीसच्या आत गेला तर मुलाला नोकरी. एक तारखेला गेला तर दोन मिनिटं शांतता.

दुसऱ्या दिवशी अरुणा अंघोळीला गेल्यावर विश्वासरावांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरची लाल झाकणाची बरणी काढली आणि दोन चमचे तोंडात कोंबले. कडूजहर! डोळ्यांत पाणी आलं. मरायची हौस थोडीच होती त्यांना? रिटायर झाल्यावर पेटी शिकायची ठरवलं होतं बिचाऱ्यांनी. चमचा धुतला, गोळी घेतली, मफलर गुंडाळला आणि ऑफिसला गेले.

मग हा रोजचा नेमच झाला. आठवड्याभरात चक्कर यायला लागली. मेट्रोच्या जिन्यात दोनदा कठडा धरून उभं राहावं लागलं. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"चेहरा उतरलाय तुमचा," अरुणा एकदा म्हणाली.

"छे! थंडी आहे नुसती."

"बरं," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

मध्येच एक दिवस बरणी खालच्या फळीवर आलेली दिसली. फळ्या पुसताना ठेवली असेल. बरंच झालं, चक्कर येत असताना स्टुलावर चढायला नको.

एकोणतीस तारखेला सकाळी त्यांच्या लक्षात आलं. तीन आठवडे रोज दोन चमचे खातोय, आणि बरणी गळ्यापर्यंत भरलेली!

त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली. म्हणजे तिला कळलं होतं तर! बरणीतलं पपनस फेकून तिने गुपचूप किनूचं भरलं असणार. किनूची सालही कडूच की. गोळ्यांनी चव गेलेल्या जिभेला काय कळतंय? आणि हो, गेले दोन दिवस चक्कर तरी कुठे आली होती?

पस्तीस वर्षांत या बाईला आपण कधी धड साडी आणली नाही, आणि ही वेडी न बोलता आपला जीव राखत बसली. दिवसभर ऑफिसात त्यांचं कशात लक्ष लागेना. जगावंसं वाटत होतं, अगदी कडकडून वाटत होतं. परीक्षितचं बघू. गाझियाबादला ओळखीची एक प्रेस आहे, तिथे चिकटवू. नोकरी गेली खड्ड्यात, तिघं मिळून मीठभाकरी खाऊ.

संध्याकाळी तिच्या आवडीची तिळगुळाची गजक घेऊन ते घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. अरुणा ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"अगं, मला सगळं कळलं," ते म्हणाले. "बरणी का संपत नाही ते. चुकलो मी. माफ कर मला."

अरुणाने मागे वळून पाहिलं नाही. तिची सुरी चालूच होती. तिच्या खांद्यावरून त्यांना परात दिसली. परातीत पपनसाच्या जाड साली होत्या आणि गुलाबी फोडींचा ढीग होता.

"झाडावरची शेवटची दोन होती, तीही काढली," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "उद्यापासून चार चमचे घ्या हो. दोनच दिवस राहिलेत."