रेडीच्या जागी

स्क्रूड्रायव्हरचं टोक चिपखाली सरकवून उद्धवनं ती सॉकेटमधून उपटली. तिचा एक पाय वाकला. वाकू दे, त्याला वाटलं.

कॉम्प्युटर वरदचा होता, सौदामिनीच्या पहिल्या नवऱ्याचा. टीव्हीला जोडायचा, कीबोर्डातच सगळं सामावलेला. गणपती बुडवून वरद गावीच थांबला आणि पहाटेच्या भूकंपात घराच्या दगडांखाली गेला. सौदामिनी तेव्हा नांदेडला, माहेरी होती. पुढं उद्धवशी लग्न करून लातूरला आली, तेव्हा सामानात हे यंत्र होतं, तिनं भरलेल्या रुमालाखाली. यंत्राचा पॉवर सप्लाय केव्हाच जळालेला. रुमाल मात्र नेमानं धुतला जायचा. उद्धवच्या क्लासचा मुलगा बोर्डात आला, त्या दिवशीही पेढा तोंडात टाकून ती उठली ती रुमालाला इस्त्री करायला.

भांडण काढावं तर वरद नव्हता. मग उद्धवनंच तोड काढली. चिपमधली सिस्टिम पीसीत उतरवायची, तिथं हुबेहूब तेच यंत्र चालेल, आणि हे खोकं भंगारात. एकदा चालू झालेलं बघू द्या, मग न्या, एवढंच ती म्हणाली होती.

कॉलेजातून मागून आणलेल्या रीडरवर त्यानं चिप वाचली. इंटरनेटवरच्या मूळ फाइलशी ताडून पाहिली. एकाच जागी फरक निघाला. कंपनीची चिप काढून वरदनं स्वतः प्रोग्राम भरलेली बसवली होती. यंत्र तयार झालं की पडद्यावर इंग्रजीत 'रेडी' उमटायचं. ती पाच अक्षरं त्यानं बदलली होती. पाचात सौदामिनी मावत नाही. म्हणजे लाडाचं नाव असणार, उद्धवला कधीच न सांगितलेलं. फाइलीत अक्षरांचे नुसते आकडे दिसत होते; त्यांची अक्षरं करायला तो थांबला नाही. तिला हाक मारली आणि तिच्यादेखत प्रोग्राम चालू केला.

पडदा निळा झाला. कोपऱ्यात पाच इंग्रजी अक्षरांत उमटलं: पुनम.

त्यांच्या सहा वर्षांच्या पोरीचं नाव पुनम होतं. बारशाला उद्धवच्या बहिणीनं दुसरंच ठरवून आणलं होतं. कधी कशाला अडून न बसणारी सौदामिनी त्या दिवशी अडून बसली, आणि आत्याला बाळाच्या कानात हेच सांगावं लागलं.

"मुलगी झाली तर हेच, असं म्हणायचे ते," सौदामिनी म्हणाली. "घेऊन जा आता ते खोकं. मला लागत नाही."

खाली शाळेची रिक्षा थांबली. गॅलरीतून पोरीला हाक मारायची ती रोज उद्धवनंच. तो कठड्याशी गेला. तोंड उघडलं.

मागं सौदामिनी येऊन उभी राहिली होती, हाक ऐकायला.