बाप्पा मार्लविक स्टेशनात

"बंद पडलेल्या स्टेशनात बाप्पा बसवायचा? अगं, अक्कल गहाण टाकलीस की काय!" सरोजनं ताम्हन धाडकन टेबलावर ठेवलं.

समोर अंतराचा देखावा तयार होता. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या खोक्यांचं इंग्रजी रेल्वे स्टेशन, मार्लविक गावचं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, रुळांत गवत, दाराला कुलूप.

"मम्मा, इट्स हिस्टरी! साठ वर्षांपूर्वी क्लोज झालं ते. डेरेक अंकलनी फोटो दिलेत."

डेरेक म्हणजे आखातातल्या दुखान गावच्या कॉलनीतला शेजारी. त्याचे वडील त्या स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. अर्धं आयुष्य तेलाच्या विहिरींवर काढून डेरेक आता म्हातारपणी पुढच्या आठवड्यात कायमचा मार्लविकला परत चालला होता. स्टेशन गेलं तशी गावातली दुकानं गेली, मग माणसं गेली. ओळखीचं एक दार उरलं नव्हतं, आणि त्याचा जीव काही तिकडे जायला धजत नव्हता. त्याला निरोप म्हणून अंतरानं हा घाट घातलेला. तो स्वतः सोफ्यावर चहा पीत बसला होता. मायलेकींच्या भांडणातलं त्याला अक्षर कळत नव्हतं.

"हिस्टरी शाळेत," सरोज म्हणाली. "माझ्या घरी देव येतोय. कुलूप बघून दारातूनच परत फिरेल तो!"

तिनं बाह्या सरसावल्या. फळ्या उपटल्या, गवत उपटलं, कुलूप ओढून काढलं. प्लॅटफॉर्मवर झेंडूच्या माळा सोडल्या आणि खिडक्यांमागे दिवे लावले. अंतरा रडकुंडीला आली. "आता ते खरं स्टेशनच नाही राहिलं!"

डेरेक कप ठेवून उठला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"ती वरची खिडकी आमच्या स्वयंपाकघराची," तो इंग्रजीत म्हणाला. "आई असाच दिवा लावायची."

अंतरानं उपटलेलं कुलूप उचलून खिशात टाकलं.

दीड दिवसाचा गणपती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. दुखानमध्ये कसली मिरवणूक! देखाव्याशेजारीच बादली भरून ठेवली. आरती झाली, सरोजच्या नवऱ्यानं, शशिकांतनं, मूर्ती उचलली आणि घरच्यांनी गजर केला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

डेरेकनं सरोजला अर्थ विचारला.

"कम बॅक सून, नेक्स्ट इयर," तिनं सांगितलं. "जाताना बजावावं लागतं. नाहीतर आपल्याला तो हवाय, हे त्याला कळणार कसं?"

डेरेक देखाव्याकडे वळला. मग म्हणाला, "शेवटची गाडी सुटली तेव्हा अख्खं गाव प्लॅटफॉर्मवर होतं. बँड होता. आम्ही रुमाल हलवले. पण हे म्हणायचं कुणालाच सुचलं नाही."

"मग आता म्हणा की!" सरोज म्हणाली.

मूर्ती पाण्यात टेकली. पुन्हा गजर झाला. सगळ्यांची तोंडं बादलीकडे होती. डेरेक तेवढा रुळांकडे तोंड करून, तोडक्यामोडक्या मराठीत, घसा फाटेस्तोवर ओरडत होता.