कागदी माणूस

“घरात घुसलेला माणूस तुला नेम धरायला वेळ देणार नाही, वांडा. पिस्तुलाकडे बघूच नकोस, त्याच्या छातीकडे बघ. जिकडे नजर, तिकडे गोळी,” नेमबाजी शिकवणाऱ्या अर्लीनबाईंनी बजावलं.

वांडाने समोरच्या कागदी माणसाच्या छातीची पार चाळण केली.

“अगं बाई! आता येऊ दे म्हणावं तुझ्या रॉयला,” बाई खूश झाल्या.

कोर्टाने लांब राहायला सांगितलेला तिचा नवरा रॉय रविवारी स्वयंपाकघराचं दार लाथेने उघडून आत आला. वांडाने पिस्तूल उचललं. हात जरासुद्धा थरथरला नाही.

“मान खाली!” रॉय नेहमीसारखा खेकसला.

गोळी सुटली आणि त्याच्या दोन बुटांच्या मधे, जमिनीत रुतली. लग्न झाल्यापासून तिची नजर तिथेच असायची.