स्पेनची हवा

डोंगरमाथ्यावर हवा मोजण्याचं केंद्र होतं. तिथे दर ईस्टरला संत्र्याच्या सालीतला वायू एकदम उसळी घ्यायचा. नॉर्वेच्या बर्फात कुठली आलीत संत्र्याची झाडं? तिथली संशोधक टोरुनने वाऱ्याची वाट मागे मागे शोधत थेट स्पेनच्या बागा गाठल्या आणि शोधनिबंध लिहून मोकळी झाली.

"अगं, हा वायू चार तासांत रूप बदलून विरून जातो," म्हातारा सहकारी ओडवार हसला. "स्पेनहून यायला तीन दिवस लागतात. जरा बाहेर डोकावून तरी बघ!"

"स्पेनहूनच येतोय! लाव पैज. हरेल त्याने महिनाभर छपरावरचा बर्फ काढायचा," म्हणत टोरुन तणतणत बाहेर गेली.

यंत्राच्या हवा ओढणाऱ्या नळीखाली, केंद्राच्या उन्हातल्या भिंतीला पाठ टेकून, स्कीवरून आलेली पंचवीस-तीस माणसं दरवर्षीसारखी ईस्टरची संत्री सोलत बसली होती.

टोरुनने हातातला शोधनिबंध फाडला.

मग एका सालीवरचा 'स्पेन' छापलेला स्टिकर काढून फावड्याच्या दांड्यावर डकवला, आणि ते फावडं ओडवारच्या हातात दिलं.