तालायच्या अंगावरचे डाग

न्युमोनियाची इंजेक्शनं सुरू झाली आणि तालायच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. "मला कुणी मारलं नाही," असं तो आईला, सायरा अपांना, शपथेवर सांगत होता, पण त्याची बायको नुरझातच त्याला मारते आणि वर पढवूनही ठेवते अशी अपांची खात्री झाली. सहा वर्षं पहाटे उठून चहाच्या पाण्याचा समोवार पेटवणाऱ्या नुरझातला आता सासू स्वतः चहा देऊ लागली, तोही त्यांच्याकडे मानाच्या पाहुण्याला देतात तसा अर्धाच पेला भरून. वर म्हणायची, "बैस गं बाई, दमली असशील."

डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समजावलं, "या अँटिबायोटिकनं रक्त नीट गोठत नाहीये. जरा कुठं आपटलं तरी डाग पडणार. औषध बदलते, आठवडाभरात अंग साफ होईल."

घरी अपा दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

तालायनं सांगायला तोंड उघडलं. नुरझातनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

"डाग जातील म्हणाल्या, अपा. पण माझ्या रागाला औषध नाही, घरच्यांनीच सांभाळून घ्यायचं."